ख्रिस्तभक्तीचा मराठी स्वर

भक्तिगीतापासून होणारा आनंद श्रद्धेचा की केवळ स्वराचा, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत फार जुना आहे. संत ऑगस्टीन (354–430) यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ही व्यथा प्रांजळपणे मांडली. गायिलेल्या आशयापेक्षा गायनानेच मन अधिक हलले, तर तो त्यांना स्वतःचा दोष वाटे. तथापि उपासनेतून संगीत वगळावे, असेही त्यांना म्हणवेना. मराठी ख्रिस्ती गीतरचनेचा इतिहास या जुन्या प्रश्नावर नवा प्रकाश टाकतो, आणि त्याच्या केंद्रस्थानी नारायण वामन टिळक (1861–1919) उभे आहेत.

टिळकांपूर्वी ही परंपरा नव्हती असे नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली प्रसिद्ध झाले, आणि त्यासाठी त्यांनी ओवी हा गेय छंद निवडला. एकोणिसाव्या शतकात मात्र अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) अमेरिकन मराठी मिशनमध्ये आणि अन्यत्र पाश्चात्त्य गीतांची भाषांतरे होऊ लागली व ती मूळ चालींवर गायिली जाऊ लागली. या उद्योगामागील निष्ठा निःसंशय होती. अडचण होती ती भाषेच्या प्रकृतीची. इंग्रजी प्रार्थनागीताचे वृत्त आघातावर चालते. मराठी शब्दाचे रूप आघातापेक्षा ऱ्हस्वदीर्घावर अवलंबून असते. परक्या चालीचा जोर ऱ्हस्व अक्षरावर आला की ते ताणावे लागते, आणि शब्द कानाला मोडल्यासारखा वाटतो. अर्थ शुद्ध राहूनही गाणाऱ्याची जीभ त्यात रमत नाही. अशा वेळी आनंद उणा पडतो तो श्रद्धेच्या अभावामुळे नव्हे. श्रद्धेला बोलण्यासाठी दुसऱ्याची लय उसनी घ्यावी लागते, हे त्याचे कारण होय.

कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट चोखाळली होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी त्या वाटेला काव्याचे सामर्थ्य दिले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून अभंग हे त्यांच्या लेखी केवळ प्रचाराचे साधन नव्हते. मोठ्या अभंगाची रचनाच येथे लक्षात घ्यावयास हवी. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि अखेरीस चार अक्षरांचा आखूड चरण. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांतील यमकाने चढलेला स्वर शेवटी एकदम विसावतो. संतकवी शरणागतीचा शब्द पुष्कळदा याच विसाव्यावर ठेवतात. ख्रिस्ताला माउली व सद्गुरू म्हणून आळविताना टिळकांना हा विसावा आयता लाभला. शिवाय ध्रुपद टाळाच्या ठेक्यावर सर्वांनी उचलले, की एकाचा कबुलीजबाब समुदायाचा होतो. येथील आनंद आशयावर बाहेरून चढविलेला नाही. श्रद्धेचे विधान ज्या क्रियेने अनुभव बनते, त्या क्रियेतूनच तो उपजतो. ऑगस्टीनला स्वर आणि आशय यांत जी फट दिसली, ती येथे बुजते.

या लाभाचे मोलही मात्र द्यावे लागले आहे. अभंगाची भाषा विरहाची व भेटीच्या ओढीची आहे. ख्रिस्ती सिद्धांताचा भर इतिहासात घडून गेलेल्या उद्धारकार्यावर आहे. त्यामुळे टिळकांच्या कित्येक भजनांत क्रूसाची घटना मागे सरते आणि भक्ताची आर्तता पुढे येते. दुबळ्या रचनांत ती आर्तता संकेतमात्र होऊन तीच ती आळवणी ऐकू येते. कथनाची ही उणीव त्यांनाही जाणवली असावी. ‘ख्रिस्तायन’ या प्रदीर्घ कथाकाव्याचा आरंभ त्यांनी केला, तो अपुरा राहिला आणि लक्ष्मीबाई टिळकांनी तो पुढे नेला. अभंग ख्रिस्ताला जवळ आणतो, पण त्याचे सर्व चरित्र सांगू शकत नाही, ही या प्रकाराची मर्यादा मान्य करावयास हवी.

मराठी समीक्षेने टिळकांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून गौरविले व त्यांची भजने बहुधा चर्चच्या स्वाधीन केली. चर्चने ती ‘उपासना संगीत’मध्ये जपली आणि गायिली, पण उपासनेच्या ग्रंथाकडून काव्यपरीक्षेची अपेक्षा करता येत नाही. परिणामी ही रचना गाणाऱ्यांना पाठ आहे आणि परीक्षकांना अपरिचित. छापील पानावर एखादे भजन साधे, क्वचित पुनरुक्त वाटते; गायनात त्याच पुनरुक्तीला प्रयोजन असते. तुकारामाचा अभंग वाचताना टाळ-मृदंगाचे स्मरण ठेवण्याची सवय मराठी वाचकाला आहे. तीच सवय टिळकांच्या भजनांना लागू झाली, तर त्यांतील फिकी व अस्सल रचना वेगळी करता येईल, आणि गेल्या शतकाच्या आरंभीच्या मराठी भक्तिकाव्याचा एक मोठा भाग वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत येईल.