‘आधीं कोणीं मारलें?’

वाढत्या वयाच्या भावंडांत हातघाई झाली, कीं वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हाच. हा प्रश्न न्यायाधीशाचा आहे. घरांतील कलहाकडे पाहण्याची दुसरीहि एक रीत आहे. दोन मराठी नाटकें शेजारीं ठेवलीं म्हणजे ती स्पष्ट होते. एक सांगलीस जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ (१९०९). दुसरें सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरच्या वसंत कानेटकरांचें ‘रायगडाला जेव्हां जाग येते’ (१९६२).

‘भाऊबंदकी’चा विषय नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधील खून. मारला गेला तो अवघा १८ वर्षांचा. दोष आला चुलत्यावर. रामशास्त्री अपराधी कोण तें निर्भयपणें सांगतात आणि प्रेक्षकाचें समाधान होतें. त्या घरांत तेढ रुजली कशी, हें विचारण्याची निकड मात्र त्याला उरत नाहीं.

कानेटकर नेमकें तेंच विचारतात. शिवाजीमहाराज, सोयराबाई आणि संभाजीराजे यांच्यांतील दुरावा हा त्यांचा विषय. संभाजीराजे दोन वर्षांचे असतां मातेस अंतरले; राजाराम त्यांच्याहून सुमारें १३ वर्षांनीं धाकटे. १६८० सालीं महाराज निवर्तल्यावर दहा वर्षांच्या राजारामांस गादीवर बसविलें तें वडीलधाऱ्यांनीं. पुढें संभाजीराजांनीं कटवाल्यांस कठोर शासन केलें, पण धाकट्या भावाच्या जिवास धक्का लावला नाहीं. भांडण भावांच्या नांवानें चाललें. तें भावांचें नव्हतें.

अमेरिकेंत मरे स्ट्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० सालीं कौटुंबिक हिंसेची पाहणी प्रसिद्ध केली. तींत भावंडांतील मारहाण हाच सर्वांत सर्रास प्रकार ठरला. आणि आईबापांचा मार वारंवार खाणाऱ्या मुलांचा हात भावंडांवर अधिक उठतो, असेंहि दिसलें. कानेटकरांच्या दृष्टीला यानें बळकटीच येते.

तरीहि या दृष्टींत एक धोका आहे. थोरल्याच्या मनांत पक्षपाताचें शल्य आहे हें उमगल्यानें धाकटीच्या हातावरचा वळ नाहींसा होत नाहीं. सर्वांचीच कींव करणाऱ्या घरांत मार खाणाऱ्यास न्याय मिळत नाहीं. म्हणून घरांत रामशास्त्री हवेतच. मात्र एक गोष्ट विसरूं नये : रामशास्त्र्यांनीं दोष दिला तो घरांतील वडीलधाऱ्याला. आपण निवाडा करतों तो नेहमीं लहानांचा.