माझ्याकडे तर चालतंय!

माणसाला जागच्या जागी निरुत्तर करणारी वाक्ये आपल्याकडे मोजकीच आहेत. 'साहेब जेवायला गेलेत' हे त्यांतले एक, 'सुटे नाहीत' हे दुसरे. संगणक आल्यापासून त्यांत तिसऱ्याची भर पडली: 'माझ्याकडे तर चालतंय!' तुमच्या पडद्यावर पानाचे तीनतेरा वाजलेले असोत, 'पाठवा' हे बटन कितीही दाबले तरी ढिम्म असो. संकेतस्थळ बनवणाऱ्याकडे ते चालत असते. बरे, तो खोटे बोलतो म्हणावे तर तेही नाही. त्याच्याकडे ते खरोखरच चालते. तिथेच सगळी पंचाईत आहे.

याचे मूळ जरा जुने आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आमच्याकडे गणपती येतो आणि जातो! पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररसाठी स्वतःची निराळी आवृत्ती काढली. १९९७ मध्ये प्रमाणभाषा ठरली खरी, पण प्रमाण मराठी आणि घरची मराठी यांचे नाते वाचकांना मी काय सांगावे? 'बटन दाबले की मला हाक मार' एवढा साधा निरोपसुद्धा एक्सप्लोररला २०११ पर्यंत वेगळ्या शब्दांत द्यावा लागे.

त्यात एकाच पानावर दोन बिऱ्हाडे. प्रोटोटाइप २००५ चे, जेक्वेरी २००६ चे. दोघेही गुणी, पण दोघांनीही लाडके नाव घेतले तेच, डॉलरचे चिन्ह. एका घरात दोन बाळू असले की दुकानात कोण जाईल आणि पैसे कोणाला मिळतील, याचा भरवसा नाही. इथे मागून आलेला बाळू नाव बळकावतो आणि पहिल्याला सांगितलेली कामे त्याच्या अंगावर पडतात. जेक्वेरीने मात्र ते नाव मूळ मालकाला परत करण्याची सोय स्वतःच ठेवली. वाटणीच्या दाव्यात एवढे औदार्य आमच्या भाऊबंदकीत मी पाहिलेले नाही.

असा घोळ शोधण्याची रीत दिवाळीच्या माळेतला गेलेला बल्ब शोधण्यासारखीच. अर्ध्या स्क्रिप्ट बंद करा. पान चालले तर दोषी त्या अर्ध्यात. मग त्याचेही अर्धे. कंटाळवाणे काम आहे, पण अवघड नाही. फक्त ते वाचकाच्या ब्राउझरमध्ये बसून करायला हवे. नेमके तेवढेच होत नाही.

२०१० साली शेजारच्या निवृत्त शिक्षिका बाई एक अर्ज भरत होत्या. मुदतीचा शेवटचा दिवस. 'पाठवा' दाबले की काहीच होईना. फोनवर उत्तर आले, तेच ते, सुप्रसिद्ध. शेवटी माझ्या भाच्याने दोष शोधण्याची खिडकी उघडली, पान पुन्हा मागवले, आणि अर्ज सुरळीत गेला! दंतवैद्याच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसे.

भाचा म्हणाला, "अहो मामा, यात जादू नाही. करणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी टिपणवहीत नोंद करणारी एक ओळ आत तशीच ठेवलीय. या एक्सप्लोररमध्ये ती वही खिडकी उघडल्यावरच जन्माला येते. नाहीतर वही सापडत नाही, आणि स्क्रिप्ट तिथेच बसकण मारते."

म्हणजे तपासायला खिडकी उघडावी तर दोष गायब, आणि बंद करावी तर हजर! करणाऱ्याकडे ती बहुधा सदाच उघडी असणार. त्याच्याकडे न चालून सांगते कोणाला?

मला राग आला तो त्या ओळीचा नाही. बाई म्हणाल्या, "मीच कुठेतरी चुकत असेन हो. वय झालं आता." सारी हयात दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढलेल्या बाई! त्यांनी कोणा परक्याची चूक निमूटपणे स्वतःच्या पदरात घेतली. त्यांच्यासारखे किती जण मुदत गेल्यावर स्वतःलाच बोल लावत उठले असतील!

२०२२ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निरोप दिला. ते वाक्य मात्र अजून नोकरीत आहे. म्हणून माझे एवढेच म्हणणे: पान करणाऱ्याने आपल्या टेबलावरून उठावे आणि आठवड्यातून एकदा तरी एखाद्या बाईंच्या खुर्चीत बसून ते बटन दाबावे. तिथे चालले, तर चालले म्हणावे.