उगमकथेची लय : रामनगर ते ‘ब्रह्मास्त्र’

अतिमानवी नायकाच्या उगमकथेपुढे एक मूलभूत अडचण असते. हा नायक अखेरीस कोण होणार, हे प्रेक्षकाला चित्रगृहात शिरण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे केवळ ‘पुढे काय’ या उत्कंठेवर अशा चित्रपटाला फार काळ विसंबता येत नाही. शक्ती लाभणे आणि त्या शक्तीस पात्र ठरणे या दोन घटनांमध्ये जे अंतर असते, ते तो कसे भरून काढतो यावर त्याची लय अवलंबून राहते. दृश्यांचा वेग ही त्यामानाने गौण बाब होय.

या प्रश्नाचा विचार करताना काशीकडे वळणे सोयीचे ठरते. अयान मुखर्जी यांच्या ‘ब्रह्मास्त्र : भाग एक – शिव’ (२०२२) या चित्रपटाचा एक महत्त्वाचा टप्पा वाराणसीत घडतो, आणि त्याच नगरीसमोर, गंगेच्या पैलतीरावरील रामनगरात, नायकाच्या उगमाची कथा पिढ्यान्‌पिढ्या सादर होत आली आहे. रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते. प्रेक्षक एका जागी बसून राहत नाही; प्रसंग बदलला की स्थळ बदलते आणि तोही पायी निघतो. सायंसंध्येच्या वेळी लीला थांबते, मग दिव्यांच्या उजेडात पुन्हा सुरू होते. हा विराम प्रयोगाच्या बांधणीतच अंतर्भूत असल्यामुळे कोणालाही तो रसभंग वाटत नाही.

तथापि रामनगरचा खरा धडा प्रसंगांच्या क्रमात आहे. तेथे आरंभ रामजन्माने होत नाही. आधी रावणाचा उदय, त्याने मांडलेला उच्छाद, देवांची याचना, आणि मग अयोध्येतील जन्म. नायक कसा घडला याआधी नायक का हवा, हे सांगितले जाते. प्रयोजन असे आधीच प्रस्थापित झाल्यावर बाललीलांना हवा तेवढा अवकाश देता येतो. बेसिल जोसेफ यांच्या ‘मिन्नल मुरली’ (२०२१) या मल्याळम चित्रपटाने हे सूत्र निराळ्या रीतीने हाताळले आहे. तेथे वीज एकाच वेळी दोघांवर पडते, एका शिंप्यावर आणि चहाच्या दुकानात राबणाऱ्या एका उपेक्षितावर. प्रतिनायकाच्या घडणीस नायकाइतकाच वेळ दिल्याने अखेरच्या संघर्षाला वजन येते.

मराठी माणसाच्या हातून घडलेल्या आरंभीच्या चित्रपटांतही ही जाण दिसते. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटात कृष्णाची भूमिका त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या प्रारंभी ती मुलगी आपल्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते आणि मग पडद्यावर कृष्णवेषात अवतरते. रामनगरात मुकुट चढताच बालनट ‘स्वरूप’ होतो, त्याच्याशी या युक्तीचे नाते सहज जुळते. पुढे फाळके खोड्यांमध्ये रमतात. कालियाशी झुंज होते ती त्यानंतर. कृष्ण जिंकणार हे प्रेक्षकाला माहीत आहे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून विजयाची घाई न करता त्यांनी त्या मुलाचा लळा लावण्यात वेळ खर्ची घातला.

पाश्चात्त्य चित्रपटांत रिचर्ड डॉनर यांचा ‘सुपरमॅन’ (१९७८) याच धैर्याचे उदाहरण ठरतो. परिचित वेषातील नायक पडद्यावर येण्यास जवळपास पाऊण तास लागतो. तोवर एका ग्रहाचा विनाश आणि शेतावरचे बालपण संथपणे उलगडते. अफाट सामर्थ्य असूनही पालकपित्याचा मृत्यू आपण टाळू शकलो नाही, ही खंत तेथेच रुजते आणि शेवटच्या निर्णयात फळाला येते. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) कालक्रम मोडतो. बालपणीचे भय तो पुनःपुन्हा समोर आणतो, परंतु प्रत्येक वेळी त्याचा अर्थ पालटलेला असतो. पहिल्यात प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात पुनरावृत्ती. दोन्हींत शक्ती आणि पात्रता यांतील अंतर प्रेक्षकाला अनुभवता येते.

‘ब्रह्मास्त्र’ नेमका येथे अडखळतो. त्याचा आरंभ दमदार आहे. वानरास्त्र धारण करणाऱ्या शास्त्रज्ञाची झुंज कृतीतूनच सारे सांगून जाते. पण नायक शिव याच्या वाट्याला असे कृतिरूप फारसे येत नाही. आपण कोण आहोत, हे त्याला बव्हंशी दिव्य दृश्यांतून आणि आश्रमातील गुरूच्या निवेदनातून कळते. प्रेम हे त्याच्या अग्नीचे इंधन आहे, ही कल्पना सुंदर असली तरी ते प्रेम परिपक्व होण्यास अवधी मिळत नाही. वाराणसीही पाठलागाची जागा होऊन मागे पडते. पावणेतीन तासांच्या या चित्रपटाचा बराच काळ अस्त्रांची ओळख करून देण्यात आणि पुढील भागांची तरतूद करण्यात जातो. दृश्ये वेगाने सरतात, तरीही कथा लांबल्यासारखी वाटते. माहिती वाढत राहते, नायक मात्र त्या प्रमाणात बदलत नाही, हे या विसंगतीचे कारण होय.

हा दोष एका चित्रपटापुरता मर्यादित नाही. पहिला भाग हा पुढच्या भागांची प्रस्तावना मानला गेला की त्याचा वर्तमानकाळ गहाण पडतो. रामलीलेचा प्रत्येक दिवस उद्याच्या दिवसाशी जोडलेला असतो, परंतु त्या रात्री घरी परतणारा प्रेक्षक रिकाम्या हाताने जात नाही. त्या दिवसाची लीला त्याच्यापुरती पूर्ण झालेली असते.

फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाचे कथानकही शेवटी काशीच्याच स्मशानघाटावर पोहोचते. तेथे राज्य, पत्नी आणि पुत्र गमावत गेलेला राजा सत्त्वाने मोठा ठरतो. नायक घडण्याची ही उलट वाट आहे. त्यात काही मिळवण्याऐवजी एकेक गोष्ट सुटत जाते. प्रत्येक त्यागासाठी कथेला थांबावे लागते, आणि ते थांबणे प्रेक्षकाला जाचत नाही, कारण दर थांब्यावर नायक आधीचा राहिलेला नसतो. अस्त्रांच्या नव्या कथांना वाराणसीचे घाट पार्श्वभूमीसाठी लाभले आहेत. या थांबण्याची रीतही त्यांना तेथूनच घेता आली असती.