‘वॉव’ आणि ‘अबब’

भाषेचा विचार करतांना आपलें लक्ष नामें व क्रियापदें यांकडे जातें. व्याकरणकार ज्यांना केवलप्रयोगी अव्ययें म्हणतात, ते उद्गार वाक्याच्या उंबरठ्याबाहेरच राहतात. वास्तविक, विचार करण्यास सवड नसतांना माणूस जें बोलतो तें याच शब्दांत. म्हणून सुशिक्षित घरांतून ‘अगबाई’, ‘अबब’ मागें पडून त्यांच्या जागीं ‘ओ माय गॉड’ व ‘वॉव’ हे दोनच उद्गार येऊन बसत आहेत, याकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम या पाहुण्यांची कुळकथा पाहूं. ईश्वराचें नांव व्यर्थ घेऊं नये, ही बायबलांतील दहा आज्ञांपैकीं एक. इंग्लंडांत १६०६ सालीं नाटकांतून देवाचें नांव थट्टेनें वा अनादरानें घेणाऱ्यास दहा पौंड दंड ठरविणारा कायदाच झाला. पण आश्चर्य कायद्यानें थोडेंच आवरतें! लोकांनीं ‘गॉड’चें ‘गॉश’ आणि ‘गॉली’ केलें. कोणी रोमन देवाचें नांव घेऊन ‘बाय जोव्ह’ म्हणूं लागले. पुढें तो धाक ओसरला आणि ‘ओ माय गॉड’ उघडपणें रुळलें. त्याचें ‘ओएमजी’ हें रूप मोबाइलच्या पिढीनें काढलें असावें असें वाटतें. परंतु ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनीं ९ सप्टेंबर १९१७ रोजीं चर्चिल यांस लिहिलेल्या पत्रांत तें आढळतें. ‘वॉव’ मूळचा स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस यानें १५१३ सालीं पुऱ्या केलेल्या व्हर्जिलच्या भाषांतरांत तो आहे.

हे उद्गार परके, एवढ्यासाठींच टाकावे, हा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील जळकोटचें उदाहरण घ्या. तुळजापूर तालुक्यांतील हें गांव सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे व १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. अशा मुलखांत मराठीच्या कानीं कानडी आणि दखनी सदैव पडत आल्या. कानडी ‘अब्बब्बा’ आणि आपलें ‘अबब’ यांचें साम्य कोणाच्याही ध्यानांत येईल. ‘शाबास’ हें फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’, याचें रूप. ‘वाहवा’ही फारसींतूनच आलें. आज त्यांस परकें कोण म्हणेल?

आमची तक्रार निराळी आहे. मराठींत आश्चर्याच्या प्रत्येक जातीला स्वतंत्र शब्द आहे. संख्या किंवा आकार पाहून ‘अबब’. अपेक्षेच्या उलट घडलें कीं ‘अरेच्चा’. भीति मिसळली कीं ‘बापरे’. विसरलेलें एकाएकीं आठवलें कीं बायकांच्या तोंडीं ‘अगबाई’. मुलींना गंमत वाटली कीं ‘अय्या’. शिवाय यांतील पुष्कळ उद्गार म्हणजे कोणाला तरी मारलेली हाक आहे. बापाला, आईला, शेजारच्या बाईला किंवा देवाला, पण आपल्या माणसाला! ‘वॉव’मध्यें कोणालाच हाक नाहीं.

जळकोटच्या अलीकडे नळदुर्गचा किल्ला आहे. पावसाळ्यांत बोरी नदी भरली म्हणजे तेथील बांधावरून, पाणीमहालाच्या अंगानें, पाणी खालीं कोसळतें. तें पाहून मूल ‘वॉव’ म्हणतें आणि घरीं नवी पेन्सिल मिळाली तरी ‘वॉव’च म्हणतें. विशाल आणि क्षुल्लक यांस एकच माप लागलें, म्हणजे दोहोंतील अंतर जाणण्याची संवयही हळूहळू जाते. हानि आहे ती ही.

या रोगावर पाठ्यपुस्तकांत औषध नाहीं. उद्गार कोणी शिकवून येत नाहीं. आईबापांच्या तोंडून नकळत निसटलेला शब्द मूल उचलतें. तेव्हां ‘वॉव’ला घरांत येऊं द्यावें, त्याला बसावयास पाटही द्यावा; परंतु मुलांच्या कानीं दिवसांतून एकदां तरी मनापासून उच्चारलेलें ‘अबब’ पडेल, इतकी काळजी वडील मंडळींनीं अवश्य घ्यावी.