माणिकबाग आणि आधुनिक घर

गेल्या उन्हाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या नियोजित बंगल्याचा नकाशा घेऊन आला. पिंपळगाव बसवंतच्या शिवारात, द्राक्षमळ्याच्या मधोमध, हे घर उभे राहावयाचे आहे. छप्पर सपाट, पश्चिमेची भिंत सबंध काचेची. "थोडी वळचण काढा," असे आम्ही सुचविले. तो नम्रपणे म्हणाला, "सर, मग ते मॉडर्न दिसणार नाही."

हे उत्तर ऐकून आम्हांस इंदूरची माणिकबाग आठवली. पिंपळगावावरून जाणारा आग्रा रस्ताच चांदवड, मालेगाव, धुळे मागे टाकीत इंदुरास पोचतो. चांदवडला होळकरांचा अठराव्या शतकातील रंगमहाल आहे, आणि रस्त्याच्या त्या टोकास त्याच घराण्याच्या यशवंतराव होळकरांनी १९३० ते १९३३ या काळात बांधविलेले हे घर. आधुनिक घराची कल्पना आपल्या हौसेने आणि खर्चाने इतक्या टोकापर्यंत नेणारा दुसरा मराठी गृहस्थ आमच्या तरी पाहण्यात नाही.

यशवंतराव ऑक्सफर्डला शिकत असता एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी त्यांचा स्नेह जडला. मुथेसियुसचा जन्म १९०४ चा. म्हणजे एवढे मोठे काम हाती आले तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. त्याचे वडील हेर्मान यांनी इंग्रजी घरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहून ती जर्मनांस समजावून दिली होती. आयुष्यभर इंग्रजी शिकविणाऱ्या आमच्यासारख्यास या वंशावळीची गंमत वाटल्यावाचून राहत नाही: इंग्रजी घराचा अभ्यास जर्मनीत झाला, आणि त्या अभ्यासकाच्या मुलाने घर बांधले ते माळव्यात, एका मराठी राजासाठी!

माणिकबागेची छायाचित्रे प्रथम पाहणारा थोडा निराश होतो. युरोपातील नव्या पंथाने सपाट छपराचे निशाण उभारले होते. येथे पाहावे तर उतरती पाखी आणि भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेली वळचण. परंतु आमच्या मते मुथेसियुसची खरी बुद्धी येथेच दिसते. माळव्याचा पाऊस आणि वैशाखाचे ऊन पंथाची तत्त्वे विचारीत नाहीत. त्याने छपराचा उतार स्वीकारला, आणि भिंतींवरील कोरीव नक्षी, घुमट, कमानी, ज्यांवाचून संस्थानिकांचे वाडे त्या काळी पुरे होत नसत, त्या सर्वांस रजा दिली. जे टाकले ते दिखाऊ होते, जे ठेवले ते उपयोगाचे. याहून अधिक आधुनिक दुसरे काय असावे?

आत मात्र त्याचा हात इतका संयत राहिला नाही. धातू व काच यांचे पलंग, रूलमान याने केलेले सामान, आयलीन ग्रे हिची खुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, शिवाय वातानुकूलनाची यंत्रणा! यांतील एकेक वस्तू अव्वल दर्जाची आहे, हे आम्ही मुकाट्याने कबूल करतो. परंतु त्या दालनांत इंदूरच्या सुताराची किंवा माहेश्वरच्या विणकराची खूण शोधून सापडत नाही. माहेश्वरचे माग तर अहिल्याबाईंनीच नावारूपास आणलेले! चांदवडच्या रंगमहालात लाकडी खांबांवरचे कोरीवकाम आणि भिंतींवरची चित्रे त्या वास्तूच्याच अंगची आहेत. ती उचलून नेता येत नाहीत. माणिकबागेचे सौंदर्य बहुतांशी उचलून नेता येण्याजोगे होते, आणि ते तसे नेलेही गेले. १९८० साली मोनॅको येथे त्या सामानाचा लिलाव झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात भरलेल्या प्रदर्शनात लोकांनी त्याची वाहवा केली. इंदुरातली वास्तू त्याआधीच केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याची कचेरी झाली होती.

याचा सगळा दोष वास्तुविशारदाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. हे घर दोघांसाठी बेतलेले होते. कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगितादेवी १९३७ साली ऐन तारुण्यात निवर्तल्या. ब्रांकूशी या शिल्पकाराकडून यशवंतरावांनी तीन 'पक्षी' घेतले होते. त्यांच्यासाठी ध्यानमंदिर उभारावयाचे म्हणून तो इंदुरास येऊनही गेला, पण मंदिर कागदावरच राहिले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. दोन माणसांच्या रुचीला, त्यांच्या मापाला इतके तंतोतंत जुळलेले घर तिसऱ्याच्या उपयोगी कसे पडावे? वाड्यात आत्या, विधवा सुना, कारकून, पाहुणे या सर्वांस सामावण्याची सोय असे. त्या सोयीत एकांताची गळचेपीही पुष्कळ होई, आणि यशवंतराव-संयोगितादेवींनी तो एकांत हक्काने मागितला, याबद्दल आमच्या मनात त्यांच्याविषयी आदरच आहे.

गंमत अशी की, ज्या छपराकडे पाहून पंथाभिमान्यांनी नाक मुरडावे, त्याचाच लाभ आज कचेरीतील कारकुनांस मिळतो.

आमच्या विद्यार्थ्यास माणिकबागेची छायाचित्रे दाखविली. पलंग त्याला फार आवडले. वळचणीकडे त्याने बराच वेळ पाहिले, आणि नकाशा गुंडाळून, "घरी विचारून सांगतो," असे म्हणून तो गेला.