इंग्रजी संक्षेप : शैथिल्य की व्याकरण?

इंग्रजी बोलण्यातील संक्षिप्त रूपे जोनाथन स्विफ्टने १७१० साली ‘टॅटलर’मध्ये भाषेच्या ऱ्हासाचे लक्षण ठरविली. हे मत अभिरुचीचे आहे. रूपविचारापुढे ते टिकत नाही. आर्नल्ड झ्विकी व जेफ्री पुलम यांनी १९८३ साली दाखविल्याप्रमाणे ‘नॉट’चे संक्षिप्त रूप साहाय्यक क्रियापदांनाच लागते. ‘विल’चे ‘वोन्ट’ होते. ‘अ‍ॅम’ला मात्र प्रमाण इंग्रजीत तसे स्वतंत्र रूप नाही. ‘कान्ट ही गो?’ हे शुद्ध. ‘कॅन नॉट ही गो?’ आज खटकते. हा केवळ उच्चाराचा आळस असता, तर असे अपवाद व अशा मर्यादा संभवल्या नसत्या. तात्पर्य, येथे निषेधवाचक प्रत्ययच सिद्ध झाला आहे. आणि या रूपांना अशुद्ध म्हणणारा अध्यापक व्याकरणाचाच एक नियम नाकारीत असतो.