भित्तिपत्रकावरील निष्कर्ष आणि उदाहरण

विद्वत्परिषदांत निबंधवाचनाच्या जोडीला भित्तिपत्रकांचे दालन असणे आता रूढ झाले आहे. अमेरिकेत १९७४ साली मिनियापोलिस येथे भरलेल्या जीवरसायनशास्त्राच्या अधिवेशनात ही पद्धत योजण्यात आली होती. भाषाविज्ञानाने ती पुढे उसनी घेतली. ज्ञानशाखेबरोबर पुराव्याचे स्वरूप पालटते, याचा विचार मात्र या उसनवारीत फारसा झालेला दिसत नाही.

माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने २०१९ मध्ये सुचविलेली रचना पुष्कळांनी उचलली आहे. मधोमध, दुरून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, सोप्या भाषेत एकच निष्कर्ष. पद्धती व तपशील कडेच्या अरुंद पट्ट्यांत. सविस्तर निबंधासाठी क्यूआर कोड. अख्खा निबंध बारीक अक्षरांत चिकटविण्याच्या जुन्या खोडीवर हा उतारा उत्तम होय. प्रयोगशाळेतील शास्त्रांना तो मानवेलही, कारण तेथील प्रयोग वाचकाला भित्तिपत्रकासमोर उभ्या उभ्या करून पाहता येत नाही.

व्याकरणाची गोष्ट निराळी आहे. 'मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळी कर्माप्रमाणे चालते' हा निष्कर्ष मध्यभागी झळकत आहे, असे समजा. येणारा तो वाचील, मान डोलावील आणि पुढच्या भित्तिपत्रकाकडे वळेल. त्याच जागी 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली', 'त्याने पोळी खाल्ली' ही वाक्ये असती, तर एखादा मराठीभाषक तत्काळ चौथे वाक्य पुढे करील: 'तू पोळी खाल्लीस'. येथे 'खाल्ली' हे रूप कर्माचे, पण अखेरचा 'स' कर्त्याचा! आपल्या परंपरागत व्याकरणांनी यालाच कर्तृकर्मसंकर म्हटले आहे. शेजारी उभा असलेला दुसरा कोणी 'आमच्याकडे हा स नाही' असेही सांगेल. काही बोलींत तो खरोखरच ऐकू येत नाही. निष्कर्ष अपुरा ठरला, पण संशोधकाच्या पदरात नवी सामग्री पडली. वीस मिनिटांच्या निबंधवाचनात, अध्यक्षांच्या घंटेच्या धाकाखाली, हे घडणे दुर्मीळच.

मराठी न जाणणाऱ्यालाही हा वाद करता यावा, यासाठी प्रत्येक वाक्याखाली पदशः अर्थ व प्रत्ययांची फोड हवी. नव्या रचनेत नेमकी हीच ओळ कडेला ढकलली जाते. जागेची सबब मात्र पटण्यासारखी नाही. ८४१ × ११८९ मिलिमीटरच्या कागदावर अशी सहा वाक्ये फोडीसह सुखाने मावतात. संस्थांची बोधचिन्हे आणि आभारांची यादी अनेकदा त्याहून अधिक जागा अडवून बसलेली असते.